ड्युटीवरून आले की बोलतच नाहीत

"मॅडम, ह्यांचं मन उडालंय ओ घरातनं." समुपदेशनासाठी आलेल्या ताई खुर्चीत बसायच्या आधीच बोलल्या. नवरा अग्निशमन दलात फायरमन. रात्रपाळी करून येतात, आंघोळ करतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. पाच वर्षांची लेक धावत आली की तिला हातानं लांब करतात. "काय झालं विचारलं की ओरडतात. पोरीनं काय केलंय त्यांचं?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पुढच्या खेपेला दोघं आले. घरचा विषय मी काढलाच नाही, कामाचं विचारलं. माणूस हळूहळू खुलला. टॉवेलच्या गोदामाची वर्दी, म्हणजे मदतीसाठीचा फोन, आली की ज्वाळा बसल्या म्हणजे काम झालं, असं नसतं. दाबून बांधलेल्या गाठी आतून धुमसत राहतात. एकेक ओढायची, फोडायची, पाणी मारायचं. कुलिंगमध्येच रात्र जाते. सोलापूरचा मे महिना, पारा ४३-४४ वर, आणि अंगावर जाड सूट, पाठीवर बी.ए. सेटचा, म्हणजे धुरात श्वास घ्यायच्या यंत्राचा, सिलिंडर. शिवाय सगळ्या वर्द्या आगीच्या नसतात. संक्रांतीला मांजात अडकलेली घार, वळवाच्या पावसात पडलेलं झाड, विहीर.

विहिरीपाशी ते थांबले.

सुट्टीत पोहायला गेलेलं पोर होतं. यांनीच बाहेर काढलं, यांच्याच हातावर होतं. "लेक अंगाला आली की हातांना तेच वजन आठवतं." मग खाली बघत म्हणाले, "आणि कपड्यांना काजळी असते, मॅडम. ती तिच्या अंगाला लागू नये."

ताई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. इतके महिने त्यांनी ज्याला तिटकारा समजलं, त्यात निम्मी काळजीच होती.

अशा घरांतून मला हाच प्रश्न येतो, म्हणून जे त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. दारात "काय झालं?" विचारू नका. घंटा वाजली की धावायला तयार असलेलं शरीर घरी आल्याबरोबर सैल पडत नाही, त्याला तासभर लागतो. ड्युटीचे कपडे वेगळ्या पिशवीत, वेगळे धुवायचे. आणि त्यांनी आल्यावर एकच शब्द सांगायचा: आजची वर्दी जड होती की हलकी. जड म्हटलं की चहा होईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. उरलेलं ते सांगतील तेव्हा, सांगतील तेवढंच. पाळीतल्या जुन्या सहकाऱ्याशी बोलणंही मी आग्रहानं सुचवलं. विहिरीत उतरलेल्या माणसाला त्या विहिरीबद्दल फार शब्द लागत नाहीत.

मात्र तेच दृश्य महिन्यानंतरही स्वप्नात येत असेल, झोप उडाली असेल, दारू वाढत असेल, तर थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. यांनाही मी पाठवलं, कारण विहिरीला तीन महिने झाले होते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

पावसाळ्यात तिघं भेटायला आले. वडील रात्रपाळीवरून सरळ इकडेच आले होते, कपड्यांची पिशवी बाहेर गाडीला लटकत होती. लेक मांडीवर चढली नि विचारलं, "जड का हलकी?"

"मांजर होतं. पिंपळावर चढून बसलेलं."

"उतरलं का मग?"

ते सविस्तर सांगायला लागले.