ए.एस. की ए.ए.एस.? कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी निवडताना

आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी म्हणजे तसंच काहीतरी, असं धरून चालणारे मराठी पालक पुष्कळ आहेत, आणि गणित तिथेच चुकतं. इथे एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, दोन अगदी वेगळ्या वाटा असतात.

ए.ए. (असोसिएट ऑफ आर्ट्स) आणि ए.एस. (असोसिएट ऑफ सायन्स) या पदव्या पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जाणाऱ्यांसाठी आहेत. ए.ए.एस., म्हणजे असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, ही थेट नोकरीसाठी. तिन्ही साधारण ६० क्रेडिटच्या, पण आतला मजकूर निराळा. ए.एस.मध्ये इंजिनिअरिंगकडे जाणारा मुलगा कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स करतो. ए.ए.एस.मध्ये त्याच्या वाट्याला बहुधा टेक्निकल मॅथ येतं. कामासाठी ते उत्तम आहे, मात्र बॅचलरच्या इंजिनिअरिंगमध्ये ते धरलं जात नाही. दोन वर्षांनी मन बदललं, तर ६० पैकी बरीच क्रेडिट्स हातातून जातात आणि कॅल्क्युलस पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणून मुलाच्या मनात पुढे बॅचलर करायचा विचार जरासाही असेल, तर पहिल्या सेमिस्टरच्या आधीच कॉलेजकडून एक गोष्ट लेखी घ्या: या प्रोग्रॅमची किती क्रेडिट्स कोणत्या युनिव्हर्सिटीत, कोणत्या मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) धरली जातात. ‘हो, ट्रान्सफर होतात’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. क्रेडिट ट्रान्सफर होऊन नुसतं ‘इलेक्टिव्ह’ म्हणून पडून राहणं आणि मेजरमध्ये मोजलं जाणं यांत फार अंतर आहे. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाइटवर विषयवार कोष्टक मिळतं. इतर राज्यांत युनिव्हर्सिटीशी झालेला करार मागून घ्या आणि तो कोणत्या वर्षाचा आहे तेही पाहा.

नर्सिंग याला चांगला अपवाद आहे. असोसिएट डिग्री घेऊन एन.क्लेक्स-आर.एन. ही परीक्षा पास झाली की नर्स म्हणून लायसन्स मिळतं, आणि नोकरी करता करता ऑनलाइन बी.एस.एन. (नर्सिंगची बॅचलर) करण्याची वाट चांगली मळलेली आहे. मोठी हॉस्पिटल्स हल्ली बी.एस.एन.ला झुकतं माप देतात, त्यामुळे ही वाट आधीपासूनच हिशेबात धरा.

‘दोन वर्षांची डिग्री म्हणजे कमी दर्जा’ असं घरात कुणाला वाटत असेल, तर अमेरिकी कामगार खात्याचे मे २०२३ चे आकडे दाखवा. डेंटल हायजिनिस्टचं (पेशंटचे दात साफ करणाऱ्यांचं) मध्यम वार्षिक वेतन ८७,५३० डॉलर, रजिस्टर्ड नर्सचं ८६,०७०. (नर्सच्या आकड्यात बी.एस.एन. झालेल्याही आहेत, हे लक्षात असू द्या.) हे देशभराचे आकडे आहेत. तुमच्या राज्याचा आणि शहराचा आकडा त्याच खात्याच्या वेबसाइटवर पाहून मगच घरात बोला.

आता सर्वात महत्त्वाचं: मान्यता. कॉलेजला मान्यता असणं वेगळं आणि त्या विशिष्ट प्रोग्रॅमला असणं वेगळं. डेंटल हायजीनला ‘कोडा’ची, रेस्पिरेटरी थेरपीला ‘कोआर्क’ची, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटला ‘कॅप्टी’ची मान्यता लागते. रेडिओग्राफीला (एक्स-रे काढण्याच्या कोर्सला) ‘जे.आर.सी.ई.आर.टी.’ची मान्यता आहे का ते पाहा. शिवाय ए.आर.आर.टी. या रेडिओग्राफीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेला बसायला २०१५ पासून किमान असोसिएट डिग्री लागते, हेही लक्षात ठेवा. प्रोग्रॅम नवा असेल तर ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ असं सांगतात. तुमची मुलगी पास होईपर्यंत ती मान्यता आली नाही, तर तिला बहुतेक वेळा परीक्षेलाच बसता येणार नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन कॉलेजचं नाव स्वतः शोधा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. तिथेच बहुतेक वेळा लायसन्स परीक्षेत किती टक्के विद्यार्थी पास झाले आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण कोर्स पूर्ण करून बाहेर पडले, हेही मिळतं. दोन्ही आकडे एकत्र वाचा. पास होण्याचं प्रमाण ९५ टक्के आणि कोर्स पूर्ण करणारे निम्मे, याचा अर्थ कच्चे विद्यार्थी वाटेतच गळाले.

खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था ‘वेटिंग लिस्ट नाही, लगेच सुरुवात’ म्हणून बोलावतात. फी सरकारी कॉलेजच्या कितीतरी पट असते आणि क्रेडिट्स बाहेर क्वचितच चालतात. आय.टी.टी. टेक ही मोठी साखळी सप्टेंबर २०१६ मध्ये एकाएकी बंद पडली तेव्हा हजारो विद्यार्थी अर्ध्यात अडकले. घराजवळच्या सरकारी कॉलेजात तोच प्रोग्रॅम असेल, तर आधी तिथे प्रयत्न करा. न्यू जर्सीत एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात किंवा इलिनॉयमध्ये नेपरव्हिलजवळच्या कॉलेज ऑफ ड्युपेजमध्ये नर्सिंग, डेंटल हायजीन, रेडिओग्राफी तिन्ही आहेत. आपल्या वस्तीच्या इतक्या जवळ असूनही कितीतरी मराठी घरांना त्यांचा पत्ता नसतो.

नावात दोन वर्षं असली तरी आरोग्य क्षेत्रातल्या कोर्सना तीन धरा, कधी चार. मूळ प्रोग्रॅमच्या आधी ॲनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, बहुतेकदा केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स करावं लागतं. ॲनाटमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, म्हणून घाई करूनही हे विषय एका सेमिस्टरमध्ये बसत नाहीत. किमान ‘सी’ ग्रेड लागतो, पण प्रवेश गुणांच्या क्रमाने असेल तर ‘सी’ कामाचा नाही. बऱ्याच ठिकाणी विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, आणि एकच विषय किती वेळा परत घेता येईल यालाही मर्यादा असते. वर ‘टीज’सारखी प्रवेश परीक्षा. जागा मोजक्या आणि बॅच बहुधा वर्षातून एकदाच, त्यामुळे एक तारीख हुकली तर वर्ष गेलं.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेण्याची सोय बहुतेक राज्यांत आहे. वॉशिंग्टनमध्ये तिला रनिंग स्टार्ट म्हणतात, ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, मिनेसोटात पी.एस.ई.ओ. इंग्रजी, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे विषय तिथे उरकले तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतं. ॲनाटमी मात्र सोळाव्या वर्षी घेऊ देऊ नका. तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो आणि दोन वर्षांनी नर्सिंगचा क्रम लावताना पुढे येतो.

प्रवेश मिळाल्यावर आपली मुलं हमखास अडतात ती आरोग्याच्या फाइलमध्ये. हॉस्पिटलमध्ये पाय ठेवण्याआधी टीबीची तपासणी लागते. भारतात जन्मलेल्या मुलांना बी.सी.जी. दिलेली असते आणि तिच्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, पुन्हा फेऱ्या, आणि तोवर क्लिनिकलची (हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाची) तारीख निघून जाते. सुरुवातीलाच ‘बी.सी.जी. दिली आहे, रक्ताची तपासणी करा’ असं सांगा. क्वांटिफेरॉनसारख्या रक्ततपासणीवर बी.सी.जी.चा परिणाम होत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचा पुरावाही लागतो. पुण्या-नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांनी भरून दिलेलं लसीकरणाचं कार्ड असेल तर ते शोधून ठेवा. नसेल तर रक्तातली प्रतिकारशक्ती मोजून घ्या. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस पुन्हा घ्यायची वेळ आली तर त्यातच सहा महिने जातात, म्हणून हे काम प्रवेशपत्र येण्याच्या आधीच हाती घ्यावं.

डेंटल हायजीनच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम असतं, ज्याची कल्पना कुणी देत नाही: दात साफ करून घेणारे पेशंट बऱ्याचदा त्यांनाच शोधावे लागतात, आणि ठरावीक प्रमाणात किटण साचलेले दातच चालतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांकडे दातांचा विमा नसतो आणि कॉलेजच्या क्लिनिकमध्ये फी अगदी थोडी असते. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला की दोघांचंही काम होतं. पेशंटला फक्त आधीच सांगून ठेवा की एकेक भेट तीन तासांची असू शकते. या कोर्सची हत्यारं आणि भिंगाचा चष्मा यांचा खर्च काही हजार डॉलरचा असतो आणि फीच्या पानावर तो बहुधा दिसत नाही.

एच-४ वर (एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांच्या बाबतीत वयाचं गणित आधी मांडा. अठराव्या वर्षी सुरुवात, एक वर्ष पूर्वविषय, दोन वर्षं प्रोग्रॅम: पदवी हातात येते तेव्हा एकविसावं लागलेलं असतं, आणि एकवीस पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायचं तर अर्ज बरेच महिने आधी करावा लागतो आणि फी परदेशी विद्यार्थ्याची लागू शकते. असोसिएट डिग्रीनंतर एफ-१ वाल्यांना बारा महिन्यांचं ओ.पी.टी. (शिक्षणानंतर काम करण्याची तात्पुरती परवानगी) मिळू शकतं, पण स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीची) दोन वर्षांची मुदतवाढ बॅचलरपासून पुढेच मिळते. एच-१बी ला तर कामासाठीच किमान बॅचलर लागते. म्हणून ग्रीन कार्ड अजून लांब असेल, तर नुसती ए.ए.एस. मुलाला कामाच्या व्हिसापर्यंत नेत नाही. अशा घरांनी ए.एस. घेऊन पुढे ट्रान्सफर करावं, असंच आमचं मत आहे. एच-४ वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि लायसन्सच्या अर्जात बऱ्याच राज्यांत सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, हेही आधी विचारून घ्या. इमिग्रेशनच्या वकिलाला दिलेली एका तासाची फी इथे वाया जात नाही.

पैशांचं थोडक्यात. पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, एच-४ ला नाही. राज्याच्या रहिवाशाची फी मात्र कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत एच-४ वाल्यांनाही मिळू शकते. कॅलिफोर्नियात ती एका युनिटला ४६ डॉलर आहे, म्हणजे ६० युनिटना २,७६०. टॅक्समध्ये अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत आहे, पण जोडीने रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते कमी होत जातं आणि १,८०,००० ला संपतं. दोघंही आय.टी.त असतील तर ते धरूच नका. नोकरीमुळे राज्य बदलण्याची शक्यता असेल तर कोर्सच्या मध्ये बदलू नका. रहिवासाचं वर्ष नव्याने मोजलं जातं, आणि मध्यात आलेल्या विद्यार्थ्याला क्लिनिकल प्रोग्रॅम सहसा घेत नाहीत.

बी.एस्सी., बी.कॉम. होऊन आलेल्या आणि आता नव्याने शिकू पाहणाऱ्या बायकांसाठी दोन गोष्टी. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन ‘कोर्स-बाय-कोर्स’, म्हणजे विषयवार, प्रकारचंच करून घ्या. नुसतं ‘बॅचलरशी समकक्ष’ असं लिहिलेल्या पत्राने एकही क्रेडिट सुटत नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, तेव्हा भारतवारीतच ते काम उरका. दुसरं, परदेशातली बॅचलर असली तरी पेल ग्रँट मिळत नाही. बी.एस्सी. असेल तर असोसिएट नर्सिंगच्या शेजारी दुसऱ्या पदवीचा वेगवान बी.एस.एन. कोर्सही तोलून पाहा. तो महाग असतो, पण बहुधा दीड वर्षात संपतो.

कोणताही प्रोग्रॅम असो, कॉलेजात स्वतः जाऊन या. एच.व्ही.ए.सी. (हीटिंग-एअरकंडिशनिंग), मेकॅट्रॉनिक्स किंवा मशीनिंग असेल तर लॅबमध्ये एका मशीनवर किती विद्यार्थी असतात ते मोजा आणि ई.पी.ए. ६०८ सारखं (एसीतला वायू हाताळण्यासाठीचं) प्रमाणपत्र कोर्समध्येच मिळतं का ते विचारा. आरोग्याचा कोर्स असेल तर क्लिनिकल कोणत्या हॉस्पिटलमध्ये आणि किती वाजता, ते विचारा. सकाळी साडेसहाला तीस मैलांवर पोचायचं असेल तर मुलाला स्वतःची गाडी लागेल आणि कोर्सच्या काळात पार्टटाइम नोकरी जवळपास जमणार नाही. हे सगळे प्रश्न प्रोग्रॅमच्या माहिती-सत्रात विचारता येतात. काही कॉलेजांत अर्ज करण्यासाठी त्या सत्राला हजर राहणं सक्तीचं असतं, तेव्हा त्याची तारीख आजच शोधून कॅलेंडरवर लिहून ठेवा.