ओंडके दोन शेजारी, अळंबी एकावरच का?

प्रश्न : रानात दोन ओंडके शेजारी शेजारी पडलेत. एकावर पंख्यासारख्या अळंब्या दाटीवाटीने आल्यात आणि दुसरा अगदी कोरा. पाऊस तोच, सावली तीच, मग असं का? दुसऱ्यापर्यंत बुरशीचं बी पोचलंच नाही का?

उत्तर : बी दोन्हीकडे पोचलंय, ते नक्की. एक मोठी अळंबी दिवसाला कोट्यवधी बीजाणू सोडते आणि ते वाऱ्यावर सगळीकडे जातात, त्यामुळे खरा प्रश्न आहे तो उतरल्यावर रुजतात का याचा, आणि ते लाकूड ठरवतं.

आधी दोन्ही ओंडके एकाच जातीच्या झाडाचे आहेत का ते बघा. काही बुरशा कुठल्याही लाकडावर येतात, काही मात्र फार हट्टी. बर्चच्या झाडावर येणारी एक अळंबी दुसऱ्या झाडावर जवळपास दिसतच नाही. (१९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या सामानात तिचे दोन तुकडे होते, मला ही गोष्ट फार आवडते!) लाकूड तपकिरी करून त्याचे चौकोनी तुकडे पाडणाऱ्या बुरशा जास्त करून पाइन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांवर, आणि लाकूड पांढरं, तंतूतंतू करणाऱ्या जास्त करून रुंद पानांच्या झाडांवर. चिमटीत धरून बघा, पहिल्याचा भुगा होतो, दुसरं ओल्या कापसासारखं लागतं. शिवाय सागासारख्या झाडाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारे पदार्थ असतात, म्हणून गाभा टिकतो आणि बाहेरचं फिकट लाकूड आधी जातं.

झाड एकच निघालं तर मग पाणी. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा आला की बुरशीचं काम जोरात सुरू होतं, २० टक्क्यांच्या खाली गेला की जवळपास थांबतंच. पण जास्त पाणीही नको, कारण तिला हवाही लागते. कुंपणाचा जुना लाकडी खांब उपटून बघा, तो नेमका जमिनीलगत कुजलेला असतो, खोल मातीत बराच शाबूत आणि वर उन्हातही बरा, कारण ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात ती फक्त त्या वीतभर पट्ट्यात. म्हणून एक ओंडका मातीला टेकलेला आणि दुसरा दगडावर अधांतरी असेल, तर एवढ्यानेही फरक पडतो.

आणि हो, कोरा दिसतो म्हणजे आत बुरशी नाही असं समजू नका. अळंबी हे नुसतं फळ, खरी बुरशी लाकडात धाग्यांनी पसरलेली असते, कधी कधी कित्येक वर्षं, आणि पोट भरून हवामान जुळलं की मगच ती बाहेर येते. त्या ओंडक्याचं कापलेलं टोक असेल तर नीट बघा. पेनाने काढल्यासारख्या काळ्या बारीक रेषा दिसल्या तर त्या बहुतेक वेळा शेजारी राहणाऱ्या दोन बुरशांनी आखलेल्या हद्दी असतात, म्हणजे आत वस्ती कधीच झालीय. तशा रेषा दिसल्या तर ओंडका हलवू नका, चांगला पाऊस झाला की आठवड्याभराने परत जाऊन खालची बाजू वाकून बघा.