गोव्यात भाड्याच्या घरातलं जुनं फर्निचर कमी खर्चात रंगवून वापरण्याजोगं कसं करावं?

दोन हजारांत होईल, वर थोडे उरतीलही. तुम्ही रंग कुठल्या कंपनीचा घ्यावा हे विचारलंय, पण गोव्यात तो प्रश्न सगळ्यात शेवटचा. इथे रंगाचे पोपडे सुटतात ते बहुतेक वेळा खालची ओल न गेल्यामुळे. महागडा डबा ओल्या लाकडावर फासलात तर तोही सुटणारच.

तुमच्याकडे आहे ते असं: म्हापशाला भाड्याचं घर, घरमालकाने ठेवलेलं जुनं लाकडी कपाट, वेताच्या दोन खुर्च्या, भुश्याच्या बोर्डाचं एक टेबल आणि गंजलेलं लोखंडी कपाट. सगळं चवथीपूर्वी, म्हणजे गणेश चतुर्थीपूर्वी, रंगवून हवं आहे. मी डिचोलीत राहतो आणि जुनी लाकडं घासणं-रंगवणं हा माझा सुटीच्या दिवसांचा उद्योग आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी चवथीचं. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चवथ त्याच्याच शेपटाला येते, आणि नेमकं तेव्हाच सगळ्या गोव्याला घर रंगवायची घाई सुटते. भिंतींचं एक वेळ निभावतं, लाकडाचं नाही. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम करू नका असं रंगवाले स्वतःच सांगतात, आणि पावसाळ्यात इथे कितीतरी दिवस ती त्याहून वरच असते. शिवाय पावसात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा रंगवलंत तर जानेवारीत ते आकसतं आणि सांध्यांवरचा रंग तडकतो. म्हणून आत्ता घासाघास, खिळेमोळे, डागडुजी उरका आणि रंग दसऱ्यानंतर लावा. पाहुण्यांसमोर कपाटावर एखादी चादर टाकलीत तरी चवथ साजरी होते.

थांबण्याचा दुसरा फायदा पैशांचा. चवथीनंतर घराघरांत अर्धे-पाव डबे उरलेले असतात. शेजाऱ्यांकडे विचारायला लाजू नका. ऑइल पेंटच्या डब्यावर साय धरली असेल तर ती अलगद काढा आणि खालचा रंग जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळून घ्या, चांगला चालतो. भिंतीचं डिस्टेंपर मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका, ओल्या फडक्याने पुसलंत की हाताला येतं.

आता लाकडी कपाट. रंगवण्याआधी ते कशाचं आहे ते बघा. दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थोडंसं खरवडा. गडद चॉकलेटी, काळ्या रेघांचं आणि उचलायला जड असेल तर ते शिसव असण्याची शक्यता मोठी. त्यावर एनॅमल (चकचकीत ऑइल पेंट) फासणं म्हणजे पैठणीला डांबर लावणं. घरमालकाला सांगा, फक्त स्वच्छ करा आणि सोडून द्या. सागवानालाही शक्यतो पॉलिशच करा. जुनं पॉलिश चपड्याचं (लाखेचं) आहे का ते कळायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कोपऱ्यात घासा. थर मऊ होऊन चिकटला तर चपडा. मग नवीन काही न लावता त्याच थरावर स्पिरिटचा हात फिरवून तो पुन्हा पसरवता येतो, खर्च जवळजवळ शून्य. हे कोरड्या दिवशीच करायचं. दमट हवेत चपडा पांढरट पडतो.

फणसाचं किंवा कुठलंतरी मिश्र लाकूड असेल तर खुशाल रंगवा. फणसाच्या लाकडात मुळात पिवळा रंग असतो आणि तो पांढऱ्या पेंटमधून वर येऊ शकतो. त्यासाठी अस्तराआधी (प्रायमरआधी) चपड्याचा एक पातळ हात द्या, डाग खालीच अडतो.

घासण्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ठरवणारे नियम 2016 मध्ये आले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. तुमच्या कपाटावरचा रंग त्याआधीचा असेल, तर त्यात शिसं असू शकतं असंच धरून चाला. कोरडं घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद) पाण्यात भिजवून घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवा आणि खाली पडलेला गाळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने गोळा करा. पक्का बसलेला जुना रंग मुळापर्यंत काढायची गरज नसते. चकाकी जाऊन पृष्ठभाग खरखरीत झाला की पुरे. सुटलेले पोपडे तेवढे पत्तीने काढायचे. त्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा आणि मग पंख्याखाली किंवा सावलीत पूर्ण वाळू द्या. ‘पूर्ण’ म्हणजे हाताला कोरडं लागल्यावर आणखी दोन-तीन दिवस.

बारीक गोल भोकं दिसली आणि खाली ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. लाकडासाठीचं औषध हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, हातमोजे घालून सिरिंजने भोकात सोडा आणि वाळल्यावर लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) भरा. हा किडा उघड्या लाकडाच्या छिद्रांत अंडी घालतो, म्हणून कपाटाची पाठ आणि तळही रंगवा. सगळे लोक पुढून रंगवतात आणि मागून किड्याला दार उघडं ठेवतात! वाळवीचं वेगळं, ती जमिनीतून पायांवाटे मातीची नळी करत चढते. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, म्हणजे नळी लगेच नजरेस पडेल.

मग क्रम साधा: अस्तराचा एक हात, वाळल्यावर बारीक कागदाने हलकं घासणं, नंतर एनॅमलचे दोन पातळ हात. एक जाड हात देण्याचा मोह आवरा, वरून साय धरते आणि आत आठवडाभर ओलं राहतं. हिशेबापुरतं: सहा फूट उंच, चार फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाची पुढची बाजू, दोन्ही कुशी आणि पाठ मिळून 66 चौरस फूट. लिटरभर एनॅमल एका हाताला 100 चौरस फुटांहून जास्त जागा झाकतं, तेव्हा दोन हातांना एक-सव्वा लिटर धरा. लिटरला 300 ते 400 रुपये, अस्तर, टर्पेंटाइन, कागद, ब्रश आणि लांबी मिळून तेवढेच आणखी. दुकानागणिक फरक पडेल. ब्रशवर कंजुषी करू नका, स्वस्त ब्रशाचे केस रंगात अडकतात. खणांच्या सरकत्या कडांना रंग लावूच नका, मेणबत्ती घासा, नाहीतर जूनमध्ये खण बाहेर यायचे नाहीत.

वेताच्या खुर्च्यांची फक्त चौकट रंगवा. वेतावर एनॅमल दिलंत तर बसताच तडे जातात. वेत खोलगट झाला असेल पण तुटला नसेल, तर खुर्ची उलटी करा, खालून गरम पाण्याने चांगला भिजवा आणि उन्हात वाळू द्या, आकसून ताठ होतो. तुटला असेल तर मात्र विणणारा शोधावा लागेल आणि तो खर्च रंगाहून जास्त येईल.

लोखंडी कपाट सगळ्यात सोपं. गंज तारेच्या ब्रशने काढा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड (लोखंडाचं अस्तर) लावा. गंज काढलेला पत्रा इथल्या खाऱ्या हवेत रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल. वरून उरलेलं एनॅमल.

टेबलाच्या कडा फुगल्या असतील तर त्यावर पैसे घालू नका. भुश्याचा बोर्ड एकदा फुगला की बसत नाही, मेस्तही (सुतारही) त्याला हात लावणार नाही. कडा शाबूत असतील तर वरच्या सनमायकाला सोडून फक्त उघड्या कडांना रंगाचे दोन हात द्या, ओल आत शिरणार नाही.

हे सगळं सुरू करण्याआधी घरमालकाला व्हॉट्सअॅपवर का होईना विचारून लेखी होकार घ्या, पुढे अनामत रकमेवरून वाद नको. आणि रंग हाताला कोरडा लागला तरी कपाटात कपडे दोन-तीन आठवड्यांनी लावा. एनॅमल आतून कडक व्हायला तेवढा वेळ घेतं, आणि घाई केलीत तर साड्यांना महिनाभर टर्पेंटाइनचा वास येत राहील.