आजीची नऊवारी आणि नाताळच्या करंज्या

प्रिय चिऊ,

काल जुने फोटो बघताना तू विचारलंस, "आजी ख्रिश्चन होती ना? मग चर्चला नऊवारी, मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या कशा?" घरात पाहुणे होते, म्हणून आज निवांत लिहिते.

आजी नगरची. (आता अहिल्यानगर.) तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालापासूनचं. आजीच्या माहेरी कित्येक पिढ्या देवाशी बोलणं मराठीतच चालायचं. प्रभूला मानलं म्हणून लुगडं सोडावं, भाकरी सोडावी, असं त्या लोकांच्या मनातही आलं नाही. तिच्या मंगळसूत्रात दोन वाट्यांच्या मधोमध बारीकसा क्रूस ओवलेला आहे. फोटो मोठा करून बघ, दिसेल.

उपासनेत ती गायची ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं. पेटी, तबला, टाळ, सगळं असायचं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मात्र नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. स्वतःच्या मनाला पटलं तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन', म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य, अपुरंच राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आजीला त्यांचा फार अभिमान. "रांधून, पोरं सांभाळून लिहिलंय तिने," असं म्हणायची, आणि मला वाटतं त्यात तिला स्वतःचीही थोडी ओळख पटत असावी.

कारण आजी कुठे नोकरीला नव्हती. पहाटे उठून पवित्र शास्त्राचा एक अध्याय, मग चूल. भाकरीचं पीठ घेताना पहिली मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. डबा भरला की गल्लीत जिच्या घरी अडचण असेल तिच्याकडे जायचा; कुणाकडे गेला ते आम्हा मुलांना कधी कळू दिलं नाही. कुणी आजारी पडलं की आधी पेज पोचायची, प्रार्थना नंतर. या क्रमाबद्दल ती फार ठाम होती.

नाताळच्या आठवड्यात मात्र स्वयंपाकघरात आम्हाला मोकळीक. रवा दुधात भिजवून ती तो पाट्यावर चांगला कुटून घ्यायची. सारणात सुकं खोबरं, पिठीसाखर, वेलदोडा आणि भाजलेली खसखस. कातण घरात होतं, पण ती हातानेच मुरड घालायची, इतकी एकसारखी की बायका बघायला यायच्या. पहिलं ताट शेजारच्या कुलकर्णी काकूंकडे. दिवाळीत त्यांचं ताट आपल्याकडे यायचं, आणि आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. ही रीत आपल्याकडे सगळ्यांचीच, हिंदू असो की ख्रिस्ती.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: आजीने मराठीपण आणि ख्रिस्तीपण असे दोन कप्पे केलेच नव्हते. मीही तुला तसंच वाढवते आहे.

तिचं 'उपासना संगीत', म्हणजे उपासनेतल्या भजनांचं पुस्तक, मामाकडे आहे. रविवारी फोन केलास की त्याला एखादं भजन म्हणायला सांग. तो अजून तिच्याच चालीत गातो.

तुझी,
आई