‘याच्याशी कुणी खेळत नाही, मॅडम’

रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा एडीएचडीचे (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा या विकाराचे) निदान होऊन आणि बालमानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू करून आठ महिने उलटले होते. अभ्यासाला तो आता बसत होता; तक्रार वेगळीच होती. “याच्याशी कुणी खेळत नाही, मॅडम. दोन दिवस घेतात, तिसऱ्या दिवशी हाकलतात. मैत्री कशी करायची ते तुम्हीच शिकवा याला.”

औषधाबरोबर मित्रही आपोआप मिळतील, असे अनेक पालकांना वाटते. अमेरिका आणि कॅनडात एडीएचडी असलेल्या ५७९ मुलांवर झालेल्या, निरनिराळ्या उपचारांची तुलना करणाऱ्या आणि १९९९ पासून निष्कर्ष प्रसिद्ध होत गेलेल्या एमटीए या अभ्यासात उपचारांनी मूळ लक्षणे बरीच कमी झाली, तरी समवयस्कांशी असलेले या मुलांचे संबंध इतरांसारखे झाले नाहीत.

पुळणीवर क्रिकेट खेळताना आऊट झाल्यावर काय करायचे, असे मी मुलाला विचारले. बॅट द्यायची, भांडायचे नाही, पाळीची वाट पाहायची, हे त्याने न अडखळता सांगितले. नियम तोंडपाठ होते. दांडी उडते त्या क्षणी मात्र ते त्याला आठवत नसत, आणि रात्री जेवताना आजी करीत असलेला उपदेश त्या क्षणापासून फार दूर पडत असे. (आजींच्या मते मुलगा वांड होता आणि सुनेने त्याला लाडावले होते. मला दोन्ही पटले नाही, पण वाद घालण्यापेक्षा आजींना कामाला लावणे मला बरे वाटले.)

क्रिकेट तूर्त बाजूला ठेवून आम्ही एकच सवंगडी निवडला. आईच्या मनात वर्गातला हुशार मुलगा होता. मी मात्र मुलाला स्वतःला आवडणारा, शेजारच्या वाडीतला, वर्षाने लहान आणि शांत स्वभावाचा मुलगा सुचवला आणि त्याच्या आईशी आधी मोकळेपणाने बोलून घ्यायला सांगितले. खेळही हारजीत नसलेला आणि हात गुंतवून ठेवणारा हवा होता. आजी ओहोटीला खाडीत तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढायला जातच असत; दोघे त्यांच्याबरोबर जाऊ लागले, त्यामुळे कोणी पहारा करीत आहे असे मुलांना वाटले नाही आणि पाणी चढू लागले की घरी परतायचे, हेही आपसूक ठरले.

निघण्यापूर्वी मुलाने एकच नियम स्वतःच्या तोंडाने सांगायचा: टोपली आलटूनपालटून धरायची. त्याने ती दिली की आजी तिथल्या तिथे म्हणत, “दिलीस, बरे केलेस.” तो फार उसळू लागला की त्या टोपलीवर दोनदा थाप मारीत आणि तो तिसऱ्या धुवायला जाई. संध्याकाळची उलटतपासणी मी पूर्ण बंद करायला लावली. आईला हेच सर्वांत जड गेले.

चौथ्या खेपेला त्याने मित्रावर चिखल फेकला आणि मित्र रडत घरी गेला. जबरदस्तीने माफी मागायला लावू नका, असे मी फोनवर सांगितले. दुसऱ्या दिवशी मित्राची विसरलेली चप्पल घेऊन तो स्वतः त्याच्या दारी गेला आणि “काल मी चिखल फेकला” एवढेच बोलला. तीन दिवस मित्र फिरकला नाही.

मोठ्या मुलांच्या क्रिकेटमध्ये त्याला अजूनही घेत नाहीत आणि आईला त्याची खंत आहे. परवा मात्र तिने सांगितले की मित्र सकाळीच अंगणात येऊन विचारत होता, “आज ओहोटी किती वाजता?”