मामांच्या पेटीतली शंभर डॉलरची नोट

प्रश्न : माझे मामा बोटीवर नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक मोठी जुनी नोट सापडली. वर 'कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका', शंभर डॉलर, साल १८६२. मधोमध शेतात काम करणारी माणसं, डावीकडे एका माणसाचा चेहरा, उजवीकडे उभी बाई. नंबर आणि दोन सह्या हातानं केलेल्या. मागची बाजू कोरी, फक्त एक पुसट शिक्का. फोटो पाहून एकानं फोनवर सांगितलं की ही बारा लाखांची नोट आहे, आधी 'रजिस्ट्रेशन'चे साडेचार हजार पाठवा. पाठवू का? अमेरिकेतली बँक ही बदलून देईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, एक रुपयाही पाठवू नका. खरा गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून आधी मागत नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली शुल्क आणि कमिशन उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनंही २०२१मध्ये लोकांना सावध केलं होतं. बारा लाखांचं बोलणं तर सोडूनच द्या. हा प्रकार त्या काळी भरपूर छापला गेला, त्यामुळे अस्सल असली तरी किंमत हजारांत राहते.

आणि नाही, कुठलीही बँक ती बदलून देणार नाही. कारण नोटेवरच छापलंय, पहिली ओळ नीट वाचा. दोन देशांमध्ये शांततेचा तह मंजूर झाल्यावर सहा महिन्यांनी धारकाला शंभर डॉलर देऊ, असं ते वचन आहे. दक्षिणेकडची राज्यं १८६०-६१मध्ये अमेरिकेतून फुटली, त्यांनी आपलं सरकार मांडलं, यादवी युद्ध पेटलं, आणि नोट काढताना त्यांनी गृहीत धरलं की आपण जिंकू. वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी सरकारनं त्यांना वेगळा देश कधी मानलंच नाही, मग तह कोण कोणाशी करणार? १८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली, त्यांच्या सेनापती लीनं शस्त्रं ठेवली. पुढे १८६८मध्ये चौदाव्या घटनादुरुस्तीनं त्या बंडासाठी काढलेलं सगळं कर्ज बेकायदा आणि रद्द ठरवलं.

माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये तपासणीवर गेली. नंबर चुकलेली, शाई फाकलेली नोट बाजूला काढायची, हेच काम. म्हणून अशी नोट हातात आली की माझी नजर आधी सह्यांवर जाते. आपल्याकडे गव्हर्नरांची सही छापून येते. तिकडे मोठ्या नोटांवर खजिनदार आणि रजिस्ट्रार यांच्या वतीनं कारकून खरोखर बसून सह्या करत. नंबर हातानं, तारीख हातानं. ढिगानं नोटा निघू लागल्या तेव्हा या कामावर बायका नेमल्या, आणि १८६४मध्ये त्यांना रिचमंडहून कोलंबिया शहरात हलवलं. घरातले पुरुष आघाडीवर, आणि या दिवसभर टाक शाईत बुडवून आपलं नाव लिहितायत. माझ्या लेखी तुमच्या नोटेवरची सगळ्यात मोलाची गोष्ट त्या दोन सह्या आहेत.

पारखही त्यांच्यावरूनच करा. भिंग घेऊन खिडकीशी उभ्या राहा. त्या काळची शाई वर्षांनुवर्षांत तपकिरी पडते. टाक जिथे दाबला गेला तिथे रेघ जाड, उचलला तिथे बारीक, आणि काही ठिकाणी शाईनं कागद खाल्लेला दिसतो. सहीचा रंग चौकटीच्या छपाईइतकाच काळा आणि सगळीकडे सारखा असेल, कागद पिवळा, कडक, कुरकुरीत असेल, तर ती विसाव्या शतकातली शोभेची नक्कल. तशा लाखांनी निघाल्या, आणि एका छाप्याच्या सगळ्या नकलांवर नंबरही एकच असतो.

नकला युद्ध चालू असतानाच सुरू झाल्या होत्या. फिलाडेल्फियातल्या सॅम्युअल अपहॅम नावाच्या दुकानदारानं १८६२मध्ये 'आठवण' म्हणून दक्षिणेच्या नोटा छापून विकायला काढल्या. खाली कडेला आपलं नाव-पत्ता छापायचा. लोक ती पट्टी कापून नोट दक्षिणेत खपवायचे.

मागच्या शिक्क्याकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या नोटेवर रोज दोन सेंट व्याज लिहिलेलं आहे, म्हणजे वर्षाला ७.३० डॉलर. लोकांनी ती खर्चू नये, साठवावी, हा हेतू. व्याज दिलं की मागे शिक्का मारत. शिक्क्यातली तारीख आणि गाव लागलं तर ही नोट कुठे होती ते कळेल. बाकी व्याजानं काय होणार? कर गोळा करायची तयारी नाही, सोनं नाही, उत्तरेच्या आरमारानं बंदरं अडवलेली, म्हणून सरकार छापत सुटलं. १८६५च्या सुरुवातीला सोन्याच्या एका डॉलरला पन्नासहून जास्त कागदी डॉलर मोजावे लागत होते.

आता मधलं चित्र. ती माणसं स्वतःच्या शेतात राबणारे शेतकरी नाहीत. ते गुलाम आहेत आणि कापसाचं शेत खुरपतायत. डावीकडचा चेहरा जॉन कॅल्हूनचा, गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असं भर संसदेत सांगणारा पुढारी. हे राज्य कशासाठी उभं राहिलं ते त्यांनी स्वतःच नोटेवर छापून ठेवलंय, आणि मला ते पाहताना दरवेळी राग येतो. तोच कापूस बंदरांत अडकला म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. खानदेशातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत शेअरबाजाराला ऊत आला, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच पेढ्या बसल्या.

नोटेला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. एकदा मुलांना घेऊन जा. नाणी कशी वाचतात ते पाहिलं की घरच्या नोटेकडे बघायची नजर बदलते.

प्रश्न : माझ्या संग्रहात बियाफ्राची एक पौंडाची नोट आहे, पण तिला नंबरच नाही. खोटी आहे का?
– एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : तेवढ्यावरून खोटी म्हणता येत नाही. ताडाचं झाड आणि उगवता सूर्य असलेल्या या नोटा नंबरासह आणि बिननंबरी, दोन्ही मिळतात. नायजेरियाचा पूर्वेकडचा भाग मे १९६७मध्ये बियाफ्रा या नावानं फुटून वेगळा झाला. जानेवारी १९६८मध्ये नायजेरियानं आपल्या जुन्या नोटा रद्द केल्या, म्हणजे बियाफ्राकडची रोकड एका फटक्यात कागद झाली. त्याच महिन्यात बियाफ्रानं स्वतःच्या नोटा काढल्या. १९७०मध्ये हार झाल्यावर तिथल्या खातेदारांना, शिल्लक कितीही असो, सरसकट वीस पौंड मिळाले. या नोटांची संपूर्ण मालिका जमवायची असेल तर पहिल्या खेपेतल्या पाच शिलिंगच्या नोटेपासून सुरुवात कर.