‘जानेवारीत बसून मिटवू’ म्हणजे काय?

चिपळूणच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. वय शेहेचाळीस, पतसंस्थेत नोकरी. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एका आयोजक मॅडमबरोबर ‘फक्त महिलांसाठी’ अशा तीन दिवसांच्या साहसी सहलीला त्या तारकर्ली-देवबागला गेल्या. साडेअकरा हजारांत राहणं, जेवण, स्कूबा, कयाक, पॅरासेलिंग आणि बोटीची फेरी. १६ डिसेंबरला, शनिवारी, देवबागला नदी समुद्राला मिळते त्या संगमावर स्पीडबोट लाटेवर चढून खाली आपटली. ताई सगळ्यात पुढच्या बाकावर होत्या. उडाल्या आणि त्याच बाकावर बसक्या आदळल्या. कमरेचा एक मणका दबला. तीन महिने पट्टा, बिनपगारी रजा, आणि आजही काउंटरवर दोन तासांपेक्षा जास्त बसवत नाही. त्यांचा प्रश्न असा: ‘बोटीत बसण्याआधी जेट्टीवर एका फॉर्मवर सही घेतली होती. सर्व जबाबदारी माझी, असं त्यात होतं म्हणे. मग मला काही करता येईल का? मॅडम म्हणतात, जानेवारीत बसून मिटवू.’

ताई, तुम्ही चार पानांत सहीचा उल्लेख नऊ वेळा केलाय. मी मोजला. जानेवारीचा उल्लेख एकदाच, तोही शेवटच्या ओळीत, जाता जाता. माझ्याकडे अशी पत्रं दर मोसमात येतात. कुणाचा घोटा, कुणाचा खांदा, कुणाचे रद्द झालेल्या सहलीचे आगाऊ भरलेले पैसे. सगळ्यांना सहीची भीती वाटते. तारखेची कुणालाच वाटत नाही.

तुमच्या प्रकरणाचा निकाल सहीवर लागणार नाही. तो लागेल १६ डिसेंबर २०२५ या तारखेवर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं कारण संगमावर घडलं त्याच क्षणी घड्याळ सुरू झालं. मी हे लिहितेय १८ नोव्हेंबरला. हातात अठ्ठावीस दिवस आहेत, आणि मॅडम तुम्हाला बोलावतायत जानेवारीत.

त्या हे मुद्दाम करतायत असं मी म्हणत नाही. कदाचित डिसेंबरात त्यांच्या सहली खच्चून भरलेल्या असतील. पण परिणाम तोच. जानेवारीत तुम्ही टेबलाशी बसाल तेव्हा तुमच्या हातात काही उरलेलं नसेल, आणि त्यांच्या वकिलाला ते ठाऊक असेल.

आता तुम्ही म्हणाल, ‘पण त्या तर दोन वर्षं बोलत होत्या ना? त्यांचे मेसेज आहेत माझ्याकडे.’ आहेत, मी वाचले. फेब्रुवारीत ‘काळजी घ्या, आम्ही तुमच्या सोबत आहोत.’ मे महिन्यात ‘सीझन संपू दे, मग बसू.’ सप्टेंबरात ‘आत्ताच सीझन सुरू झालाय.’ मालवणच्या पाण्यातले खेळ २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, म्हणजे मॅडमना तीन महिने पूर्ण मोकळे होते, हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं. कोकणात राहता तुम्ही, पुण्यात नाही. असो. वाटाघाटी चालू होत्या म्हणून मुदत थांबत नाही. पत्रव्यवहारानं ती वाढत नाही, आणि नोटीस पाठवली म्हणूनही वाढत नाही. शेवटच्या नकारापासून मुदत मोजावी असा युक्तिवाद करता येतो, काही जण करतातही, पण तुम्हाला तर अजून कुणी नकारच दिलेला नाही. मी त्या युक्तिवादावर पैज लावणार नाही.

कलम ६९ मध्येच उशीर माफ करून घेण्याची सोय आहे. पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि ग्राहक आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. अंथरुणावरचे तीन महिने चालतील. उरलेल्या एकवीस महिन्यांचं काय सांगणार? ‘मॅडम गोड बोलत होत्या’? माफी मिळणारच नाही असं नाही, पण जी गोष्ट अजून हक्कानं मिळतेय ती उद्या मेहेरबानी म्हणून का मागायची?

म्हणून, आधी दाखल करा, मग खुशाल बसा. तक्रार दाखल झाल्यावरही तडजोड होते, मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे. आणि मॅडमनी मोफत हिमालय सहल अधिक पंधरा हजार असा जो प्रस्ताव पाठवलाय, त्याच्या खाली ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ ही ओळ आहे. तिच्यावर सही करू नका. जेट्टीवरच्या सहीपेक्षा ही सही कितीतरी जास्त महागात पडेल. (दबलेल्या मणक्याच्या बाईला बक्षीस म्हणून हिमालयाचा ट्रेक! हे सुचलं कुणाला?)

नोटिशीबद्दल एक वाक्य. ग्राहक आयोगात जाण्याआधी वकिली नोटीस सक्तीची नाही. तुमच्या भावजींनी सुचवलेली ‘आधी पंधरा दिवसांची नोटीस, मग बघू’ ही चाल एरवी ठीक आहे, आज परवडणारी नाही.

कुठे जायचं? पुण्याला नाही. फॉर्मवर ‘फक्त पुणे न्यायालय’ असं छापलेलं असलं तरी कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि अशा छापील अटीपुढे तो हक्क टिकेल असं माझं मत आहे. तुम्ही रत्नागिरीत दाखल करा. कुठला आयोग हे तुम्ही मोजलेल्या पैशांवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. साडेअकरा हजार मोजलेत, म्हणजे जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे, मग भरपाई दहा लाख मागा नाहीतर पंधरा. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होतं, वकील लागतोच असंही नाही. पण १५ डिसेंबरच्या रात्री पीडीएफ चढवायला बसू नका. ती रात्र मी अनेकांच्या वाट्याला आलेली पाहिलीय. प्रतिज्ञापत्र नोटरी करून १ डिसेंबरच्या आत पाठवा, म्हणजे त्रुटी निघाल्या तर दुरुस्त करायला दिवस हाताशी राहतात.

आता सही, कारण त्याशिवाय तुम्हाला झोप लागणार नाही. छापील फॉर्मवर ‘काहीही झालं तरी आम्ही जबाबदार नाही’ असं लिहून घेतल्यानं निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. समुद्र खवळतो, लाट येते, ही जोखीम तुम्ही पत्करलीत, मान्य. पण बोट कशी हाकायची आणि कुणाला कुठे बसवायचं ही जोखीम तुमची नव्हती. केरळच्या पर्यटन महामंडळाच्या कोवळमच्या हॉटेलात पोहण्याच्या तलावात एक पाहुणा बुडाला होता. तिथल्या जीवरक्षकाकडे बारवरचं कामही दिलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ६२.५ लाखांची भरपाई कायम ठेवली. तिथे मृत्यू होता, तुमच्याकडे मणका आहे, आकड्यांची तुलना करू नका. पण पाहुण्याच्या सुरक्षेची काळजी घेणं हा सेवेचाच भाग आहे, हे सूत्र तुमच्या कामाचं.

एक सावधगिरी. तक्रारीत ‘हा करार अन्याय्य आहे, तो रद्द ठरवा’ अशी मागणी हौसेनं घालू नका. तशी तक्रार राज्य आयोगाच्या कक्षेत जाते आणि तुम्ही कारण नसताना मुंबईच्या वाटेला लागाल. तुमची तक्रार सेवेतल्या त्रुटीची. फॉर्म त्यांना बचावात आणू दे, तेव्हा उत्तर देता येईल.

त्रुटी काय, तर ती तुमच्या तिसऱ्या पानावर आहे, आणि तुम्ही ती ‘किती बेशरम लोक आहेत बघा’ म्हणून लिहिलीय. मागची दोन बाकं रिकामी होती. मॅडमनी सगळ्यांना पुढे बसवलं, व्हिडिओत चेहरे दिसावेत म्हणून. बोट हाकणारा तांडेल म्हणाला, ‘घट धरून बसा, काय एक होवचा नाय,’ आणि ओहोटीला संगमावर उभी राहणारी लाट त्यानं वेग न उतरवता घेतली. स्पीडबोट आपटते तेव्हा सगळ्यात जास्त दणका नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे बसतो, मागे कमी. देवबागच्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. लाइफ जॅकेट बुडण्यापासून वाचवतं, मणक्याला त्याचा उपयोग नाही.

आणि तो व्हिडिओ, ताई, त्यांच्या पानावर अजून आहे. तुम्ही लिंक पाठवलीत म्हणून मी पाहिला. चौदा सेकंद. अकराव्या सेकंदाला नाळ वर जाते, केशरी जॅकेटातली एक बाई दोन्ही हात सोडून हवेत दिसते, मागून ‘हूऽऽ’ असा जल्लोष येतो, आणि तिथेच कापलाय. मागची रिकामी बाकं पाचव्या सेकंदाला स्पष्ट दिसतात. बोटीच्या अंगावरचा नंबरही अर्धा दिसतो. तुमचा सगळ्यात चांगला पुरावा समोरच्या माणसानं स्वतः जाहिरातीत लावलाय, आणि तुम्ही त्याखाली रागाची कॉमेंट टाकायच्या विचारात आहात. टाकू नका. आधी उतरवून घ्या, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, फोन जपा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण प्रमाणपत्र जोडल्यानं काही बिघडत नाही.

बोटीचा नंबर पूर्ण मिळवा. बोट दुसऱ्याची, आम्ही फक्त बुकिंग करतो, हे मॅडमचं उत्तर ठरलेलं आहे. ते फार चालेल असं वाटत नाही, कारण पैसे एकरकमी त्यांनी घेतलेत आणि पॅकेजमध्ये बोटीची फेरी लिहिलेली आहे. तरी बोटमालकालाही आत्ताच सामनेवाला (तक्रारीतला विरुद्ध पक्ष) करा. नंतर नाव घालायला गेलात तर त्याच्यापुरती मुदत उलटली असा आक्षेप येऊ शकतो. मेरीटाइम बोर्डाच्या मालवणच्या बंदर कार्यालयात परवान्याची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते, पण त्याला तीस दिवस असतात. अर्ज टाका, थांबू नका. त्यापेक्षा त्या दिवशी बरोबर असलेल्या बायकांना फोन करा. तुम्ही रागानं ग्रुप सोडलात हे कळलं, पण त्या अकरा जणींचे नंबर तुमच्या फोनमध्ये असतीलच. कुणाच्या तरी सेल्फीत नंबर पूर्ण असेल. दोघींनी प्रतिज्ञापत्र दिलं तर उत्तम.

आयोजकाचं नाव लिहितानाही घोळ घालू नका. तुम्ही सहलीचं छानसं ब्रँडनेम लिहिलंय. त्या नावाची कंपनी असेलच असं नाही. पावती तुम्ही घेतली नाही, का ते देव जाणे, साडेअकरा हजार यूपीआयवर टाकून मोकळ्या झालात. मग निदान बँकेचं स्टेटमेंट काढा. पैसे ज्या नावानं जमा झाले ते नाव, आणि जाहिरातीतलं नाव, दोन्ही घाला. २०२१ च्या राज्य धोरणाप्रमाणे साहसी पर्यटन करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. यांची आहे का ते विचारा. नसली तर मुद्दा बळकट होतो, पण केवळ त्यावर निकाल लागेल असं समजू नका.

राहिला सगळ्यात दुखरा भाग. चिपळूणच्या हॉस्पिटलच्या केसपेपरवर लिहिलंय, ‘घरात घसरून पडल्या.’ मॅडम म्हणाल्या पोलीस येतील, आणि सासूबाईंना वाटत होतं तुम्ही रत्नागिरीला ट्रेनिंगला गेलायत, म्हणून तुम्ही तसं सांगितलंत. मला राग आला आणि कीवही. बायका पहिल्यांदा एकट्या बाहेर पडतात, लागलं तर ‘पुढच्या वेळी कोण सोडणार’ या धास्तीनं तोंड मिटून घेतात, आणि ते मिटलेलं तोंड समोरच्या वकिलाला आयतं मिळतं. हा कागद लपवू नका. तक्रारीच्या पहिल्या पानावरच स्वतः सांगा, असं का लिहिलं गेलं ते. त्यांच्या तोंडून आलं तर खोटेपणा ठरेल, तुमच्या तोंडून आलं तर खुलासा. त्याच दिवशी मालवणच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतल्याची चिठ्ठी तुमच्या पर्समध्ये होती असं लिहिलंय. ती शोधा. १६ तारखेचा तो एकच कागद केसपेपरवरच्या त्या तीन शब्दांना पुरून उरेल.

किती वेळ लागेल विचारलंत. कायद्यात तीन महिने लिहिलंय. समोरच्याला जबाब द्यायला तीस दिवस, वर फार तर पंधरा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये पक्कं केलंय. तेवढं तरी पाळलं जातं. पुढचं विचारू नका. आयोगाच्या अध्यक्षांचं पद रिकामं राहिलं की शेजारच्या जिल्ह्याच्या अध्यक्षांकडे कार्यभार, आठवड्यातले दोन दिवस, आणि तारखेमागून तारीख. दोन-तीन वर्षं धरून चाला. सासूबाईंना मात्र आजच सांगून टाका. आयोगाचा कागद घरी येईल तेव्हा दार बहुतेक त्याच उघडतील.